चिठ्ठीवाचून औषध

गेल्या पावसाळ्यात एका सायंकाळी मी बाजारातील फार्मसीत उभा होतो. इतक्यात आमच्याच शाळेतील सातवीचा एक विद्यार्थी तेथे आला. मुठीत एक नोट आणि गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाचा तुकडा. "आजीला पडसे झाले आहे, ह्यातल्याच तीन गोळ्या द्या," तो म्हणाला. दुकानदाराने कात्रीने तीन गोळ्या कापून दिल्या. चिठ्ठी कोणी मागितली नाही. आणि शेजारी उभा असलेला मी, शिक्षक असूनही, गप्प राहिलो.

त्या पाकिटावर तांबडी उभी रेघ होती. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून हे औषध घेऊ नये, असा तिचा अर्थ. १ मार्च २०१४ पासून तर कित्येक प्रतिजैविकांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवून ती तीन वर्षे जपण्याचे बंधन दुकानदारावर आहे.

पडसे होते विषाणूंमुळे, आणि प्रतिजैविके मारतात ती जिवाणूंना. तेव्हा आजीला त्या गोळ्यांचा लाभ काहीच नाही. हानी मात्र आहे. आपल्या शरीरात एरवीही असंख्य जिवाणू नांदत असतात. त्यांतील दुर्बल तेवढे मरतात. औषधाला दाद न देणारे उरतात, वाढतात आणि आपला गुण इतर जिवाणूंनाही देतात. पुढे खरोखरीचा न्यूमोनिया झाला, तर तेच औषध निकामी ठरण्याचा संभव असतो. आणि तेही एकट्या आजीपुरते नव्हे, तर शेजारच्या तान्ह्या मुलासाठीही.

पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ सालच्या आपल्या नोबेल व्याख्यानातच हा धोका सांगून ठेवला होता. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

डॉक्टरांकडे जावे तर दिवसाची मजुरी बुडते, हे मी जाणतो. परंतु ज्या दुखण्याला ती गोळी लागूच पडत नाही, त्यापायी खर्चिलेला पैसाही बुडालेलाच नव्हे काय?

विद्यार्थिमित्रहो, औषध आणावयास वडीलधारी माणसे बहुधा तुम्हांलाच धाडतात. त्यांना उलट उत्तर देऊ नका; पण ती तांबडी रेघ दाखवून "चिठ्ठी आहे ना?" एवढे नम्रपणे विचारा. त्या सायंकाळी जे मी बोलावयास हवे होते, ते तुम्ही बोला.