घाट आणि व्याकरण

घोलवडचे नाव काढले, की ऐकणाऱ्याला चिकू आठवतात. घाट कोणाला आठवत नाही. आठवावा तरी कसा? एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला वाड्या, आणि मधून बोर्डीकडे जाणारा रस्ता पाटासारखा सपाट. जवळचा बारड डोंगर उंच खरा, पण बाहरोटच्या लेण्यांकडे जाणारी त्याची वाट पायांसाठी आहे, चाकांसाठी नव्हे. अशा गावी राहणाऱ्या, चाळिशी उलटलेल्या मराठीच्या प्राध्यापकाने शर्यतीची सायकल घेऊन घाटाचा सराव करावा, याला आमच्या घरात 'हौस' याहून बराच कमी सभ्य शब्द आहे.

"अहो, या वयात कुणाला मागे टाकायचंय?" असे सौ. विचारते. त्याचे उत्तर पुढे येईल.

सरावासाठी मी जव्हारचा रस्ता धरतो. चारोटी, कासा करीत गेले, की समुद्रकाठचा माणूस साडेचारशे मीटरांच्या आसपास वर पोचतो. आता हिशेब पाहा. मी, सायकल आणि पाण्याची बाटली मिळून 80 किलो धरले, तर एवढी उंची गाठायला साडेतीन लाख जूल ऊर्जा लागते. हा चढ तासाभरात चढायचा, तर पायांनी सतत 100 वॅट द्यावेत. अर्ध्या तासात म्हणाल, तर 200. वारा आणि घर्षण यांचे देणे वेगळेच. गिअर कोणताही टाका, मूळ रक्कम कमी होत नाही. गिअर ही फक्त हप्त्यांची सोय. पुढे 34 दात्यांचे चक्र आणि मागेही 34 दात्यांचे असले, की पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचा एकच फेरा होतो. हप्ता लहान, मुदत लांब! मध्यमवर्गीयाला हे तत्त्व निराळे शिकवावे लागत नाही.

माझा एक माजी विद्यार्थी कधीकधी बरोबर असतो. चढ लागला, की तो उभा राहून पायडल मारतो आणि वरून ओरडतो, "सर, या ना लवकर!" त्याला 'घाटाचा राजा' व्हायचे आहे. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट प्रथम चढणाऱ्याला हा किताब मिळतो. पण खंडाळ्याला शर्यत संपत नाही. पुणे पुढेच असते, हे मी त्याला सांगत असतो. 2015 साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी दोघांत मिळून अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे 4,800 किलोमीटरांची शर्यत पुरी केली. ती काय पहिल्या वळणावरच्या जोरावर?

जोर किती लावावा, हे मी व्याकरणावरून ठरवतो. चढताना मिश्र वाक्य पुरे बोलता आले, तर ती लांबच्या घाटाची चाल. केवल वाक्यापाशी श्वास संपला, तर ती आठवड्यातून एखाद्या दिवसापुरती. आणि तोंडून 'अबब', 'अरेरे' अशी केवलप्रयोगी अव्ययेच निघू लागली, तर गिअर हलका करावा. छातीत कळ आली किंवा चक्कर वाटली, तर मात्र गिअर नव्हे, सायकल सोडावी, रस्त्याच्या कडेला बसावे आणि सोबत्याला ताबडतोब सांगावे.

हे शेवटचे मी वडिलांवरून शिकलो. ते बावन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेले. शेवटचे वर्षभर दुसऱ्या मजल्याचा जिना चढताना ते मध्येच थांबत आणि पिशवी या हातातून त्या हातात घेत. दम लागतो, हे त्यांनी घरात कोणालाच सांगितले नाही. आम्हांला वाटे, पिशवी जड असेल.

मागे टाकायचा आहे तो हा जिना. म्हणूनच डॉक्टरांना दाखवून, त्यांनी होकार दिल्यावर मगच मी सायकलीला हात लावला.

या दिवाळीत कोणी वडीलधारे तुमच्याकडे येताना जिन्यात थांबले आणि पिशवीचा हात बदलू लागले, तर पिशवी आपल्या हाती घ्या आणि त्यांना बोलते करा. वाक्य किती लांब येते, तेवढे नीट ऐका.