पाहुण्यानं घरची रीत पाळावी

मंडळी, आज थोडं भांडायचं आहे. विषय ऐकून माझ्या वयाचे वाचक चक्रावतील. व्हिडिओ गेममधल्या पात्रांना हौशी मुलं घरी बसून नवे कपडे, नवे चेहरे चढवतात, त्याबद्दल. या चढवायच्या चित्राला टेक्स्चर किंवा स्किन म्हणतात. नातवामुळे मला यातलं कळू लागलं, आणि कळू लागलं तसा रागही येऊ लागला.

राग कशाचा? "जितकं फोटोसारखं तितकं चांगलं" या समजुतीचा.

'माइनक्राफ्ट' घ्या. तिथलं सगळं जग ठोकळ्यांचं. ठोकळ्याच्या एका बाजूवर १६ बाय १६ ठिपके, आणि माणसाच्या चेहऱ्याला समोरून ८ बाय ८, म्हणजे अवघे ६४! त्यात डोळे, तोंड, मिशी सगळं बसवायचं. ही अडचण नव्हे, हे त्या खेळाचं वृत्त आहे. ओवी रचणाऱ्यानं चरण लहान पडतो म्हणून रडायचं नसतं. अशा जगात खऱ्या माणसाचा गुळगुळीत चेहरा आणून बसवला तर तो सुंदर नाही, भेसूर दिसतो. वारली चित्रातल्या त्रिकोणी धडावर पासपोर्टचा फोटो डकवून बघा, म्हणजे कळेल.

शिवाय फोटोत उजेड आधीच शिरलेला असतो. काढताना खिडकी डावीकडे असेल तर नाकाची सावली उजवीकडे पडून बसलेली. खेळातला सूर्य मात्र भलतीकडे. मग त्या बिचाऱ्या पात्रावर दोन दोन सूर्य! काही खेळांत सावली यंत्र हिशेबानं पाडतं, काहींत ती चित्रकारानं टेक्स्चरमध्येच रंगवलेली असते. आपण कुठल्या घरात शिरतो आहोत हे आधी बघायला नको?

कुणी म्हणेल, साधं चित्र म्हणजे करणाऱ्यांची ऐपत नव्हती. साफ खोटं. 'टीम फोर्ट्रेस २' हा खेळ १९९९ साली दाखवला तेव्हा त्यातले सैनिक खऱ्यासारखे होते. २००७ मध्ये बाजारात आला तो मात्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अमेरिकन जाहिरात-चित्रांच्या वळणाचा. जे. सी. लायनडेकर हा त्यांचा आदर्श. दुरून नुसत्या आकृतीवरून गडी ओळखता यावा, रंगावरून तांबड्या बाजूचा की निळ्या ते कळावं, म्हणून नको ते बारकावे जाणूनबुजून गाळले. त्याच व्हॉल्व्ह कंपनीनं 'डोटा २'साठी बाहेरच्या कलाकारांना लेखी सूचनाच दिल्या आहेत : पात्राचा वरचा भाग उजळ, पायांकडे गडद. कारण खेळणारा वरून बघतो आणि त्याची नजर आधी डोक्याकडे जायला हवी. हा सगळा विचार पुसून कुणी अंगभर सारखाच चकचकीत कोट चढवतो आणि वर म्हणतो, "मी सुधारणा केली!"

नातू म्हणतो, "अगं आजी, गेम माझा, मर्जी माझी." कबूल. गंमत म्हणून घाल की राक्षसाला फुलाफुलांचा सदरा, मीही हसेन. पण मर्जीला सुधारणा म्हणू नकोस. आणि मेहनत घेतली हाही जबाब नव्हे. सुवाच्य अक्षरात लिहिलेला निबंधही विषय सोडून असेल तर त्याला गुण कोण देईल?

माझा हट्ट एवढाच. रंगवायला बसण्याआधी त्या खेळातल्या चार जुन्या पात्रांचे रंग, रेषा, सावल्या नीट बघा. ठिपका त्यांच्याएवढाच ठेवा. मग आपलं पात्र त्यांच्या शेजारी उभं करून, खेळताना दिसतं तितक्या अंतरावरून, डोळे किलकिले करून पाहा. नवा कोण ते पटकन ओळखू आलं नाही तर साधलं. एकटंच खुपलं तर पुन्हा बसा!

फोटो म्हणजेच खरं, असं या पोरांना वाटू लागलं तर पुढे त्यांना चित्र बघताच यायचं नाही, याची मला खरी धास्ती आहे.

असो. पटत नसेल तर भांडायला या, चहा ठेवते.