मनगटावरचे आकडे: मोजलेले आणि ताडलेले

मनगटावर बांधायचे किंवा बोटात घालायचे आरोग्य-उपकरण प्रत्यक्षात फार थोड्या गोष्टी मोजते. हाताची हालचाल, त्वचेतून परत येणारा प्रकाश, त्वचेचे तापमान आणि उपग्रहांवरून कळणारे ठिकाण, बहुतेक उपकरणांची शिदोरी एवढीच. झोपेचे टप्पे, जळालेल्या कॅलरी, ताण, थकवा भरून निघाल्याचे गुण हे सगळे त्या मोजक्या नोंदींवर गणित चालवून काढलेले अंदाज असतात. आकडा मूळ नोंदीच्या जितका जवळ, तितका तो भरवशाचा. खरेदी करताना याच कसोटीवर घासून पाहिले की महागड्या वैशिष्ट्यांपैकी निम्मी आपोआप गळून पडतात.

सर्वांत भरवशाचा आकडा हृदयाच्या ठोक्यांचा. घड्याळ उलटे करून पाहिले तर पाठीवर लुकलुकणारे हिरवे दिवे दिसतात. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. प्रत्येक ठोक्यासरशी मनगटात रक्ताची लाट येते, त्या क्षणी प्रकाश जास्त शोषला जातो आणि सेन्सरकडे कमी परततो. हे चढउतार मोजले की ठोके कळतात. पट्टा सैल असेल तर बाहेरचा उजेड आत शिरतो. हाताला गोंदण असेल तर शाईच प्रकाश अडवते, गडद त्वचेतही परतणारा प्रकाश कमी होतो आणि थंडीत मनगटातले रक्तच आटते. म्हणून व्यायामाच्या वेळी घड्याळ मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, न सरकेल इतके घट्ट बांधावे.

धावताना मात्र आणखी एक घोळ होतो. हात तालात हलत असल्याने पावलांची लय आणि नाडीची लय यांत सेन्सरची गल्लत होते. धावणाऱ्याचे ठोके मिनिटाला १४० असताना घड्याळ १७० दाखवते, आणि तो आकडा खरे तर पावलांचा असतो. वेग वाढवत-कमी करत सराव करणाऱ्यांनी त्यामुळे छातीचा पट्टा वापरलेला बरा. तो प्रकाश नव्हे, तर हृदयाचे विद्युत संकेत टिपतो. फिनलंडच्या पोलर कंपनीने असा बिनतारी पट्टा १९८२ मध्ये बाजारात आणला आणि अचूकतेत तो आजही मनगटावरच्या घड्याळांपेक्षा सरस ठरतो. ठोक्यांची कमाल मर्यादा '२२० वजा वय' या सूत्राने काढण्याची रीत सर्वत्र आहे, पण ते सूत्र सरासरीचे आहे. एकाच वयाच्या दोन माणसांत दहा-पंधरा ठोक्यांचा फरक सहज असतो. त्यावर आखलेल्या व्यायामाच्या पातळ्या म्हणूनच ढोबळ समजाव्यात.

उपकरण आपल्या हातावर नीट चालते का, हे घरच्या घरी तपासता येते. पाच मिनिटे स्वस्थ बसून मनगटाची नाडी बोटांनी पूर्ण एक मिनिट मोजावी आणि आकडा ताडून पाहावा. मग तीन मजले झपाझप चढून पुन्हा तसेच करावे. पहिल्या वेळी जुळणारे आणि दुसऱ्या वेळी मागे पडणारे घड्याळ चालायला जाणाऱ्याला पुरते, धावणाऱ्याला पुरत नाही.

पावले हालचालीवरून मोजली जातात, त्यामुळे हात स्थिर असला की मोजणी चुकते. भाजीची जड पिशवी किंवा बाळाची गाडी धरून चाललेले अंतर कमी भरते, आणि कणीक मळताना न टाकलेली पावले जमा होतात. दहा हजार पावलांच्या लक्ष्यामागे तर वैद्यकीय संशोधनही नव्हते. टोकियो ऑलिंपिकच्या पुढच्या वर्षी, १९६५ मध्ये, जपानमध्ये 'दहा हजार पावलांचे मापक' अशा अर्थाच्या नावाने एक यंत्र विकायला आले आणि तो आकडा जगभर रुजला. अमेरिकेतल्या वयस्क स्त्रियांवरचा २०१९ चा एक अभ्यास सांगतो की दिवसाला सुमारे २७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा सुमारे ४४०० पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण लक्षणीय कमी होते, आणि ७५०० च्या आसपास हा लाभ स्थिरावला. साठी ओलांडलेल्या माणसाला ही बातमी खरोखर दिलासा देणारी आहे.

कॅलरींचा आकडा सर्वांत कच्चा. स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१७ मध्ये सात उपकरणांची तपासणी झाली. ठोक्यांच्या बाबतीत सातांपैकी सहा उपकरणांची चूक पाच टक्क्यांच्या आत राहिली, पण खर्च झालेल्या ऊर्जेच्या बाबतीत त्यातल्या त्यात अचूक उपकरणही सरासरी २७ टक्के चुकले. त्या आकड्याच्या भरवशावर जेवणात सवलत घेणाऱ्याचे वजन उतरत नाही, आणि दोष मात्र तो व्यायामाला देतो.

झोपेची खरी तपासणी प्रयोगशाळेत होते. तिथे डोक्यावर तारा लावून मेंदूच्या लहरी आणि त्याबरोबर डोळ्यांची व स्नायूंची हालचाल नोंदवतात. मनगटावरचे घड्याळ मेंदूपर्यंत पोहोचू शकत नाही. ते हालचाल आणि ठोक्यांवरून ताडते, त्यामुळे डोळे मिटून निपचित पडलेल्या जाग्या माणसालाही झोपलेला धरते. निद्रानाश असलेल्यांना याचा सर्वाधिक जाच होतो. झोपेचे गुण वाढवण्याच्या ध्यासातूनच झोप उडते, अशा रुग्णांचे वर्णन अमेरिकी संशोधकांनी २०१७ मध्ये केले आणि त्या अवस्थेला स्वतंत्र नावही दिले. झोपण्या-उठण्याच्या वेळा आणि त्यांतला नियमितपणा एवढे मात्र ही उपकरणे चांगले दाखवतात. रोजचे 'गाढ झोप ४२ मिनिटे' बाजूला ठेवून महिन्याचा कल पाहावा. मोठ्याने घोरणाऱ्या, दिवसा पेंगणाऱ्या माणसाने चांगल्या गुणांवर विसंबून डॉक्टरांकडे जाणे टाळू नये. झोपेत श्वास अडखळत असल्याचा इशारा देण्याची परवानगी काही घड्याळांना अमेरिकेत २०२४ मध्ये मिळाली, पण तो इशाराच असतो, निदान नव्हे.

वैद्यकीय दाव्यांकडे याहून कडक नजरेने पाहायला हवे. काही घड्याळे हृदयाचा आलेख काढतात आणि अनियमित ठोके ओळखायला तो उपयोगी पडतो. पण दवाखान्यातल्या आलेखात हृदय बारा बाजूंनी पाहिले जाते, घड्याळात एकाच. हृदयविकाराचा झटका त्यातून कळत नाही, म्हणून छातीत दुखत असताना घड्याळ पाहत बसणे जिवावर बेतू शकते. रक्तदाब दाखवणाऱ्या अनेक घड्याळांना दंडाच्या पट्ट्याच्या यंत्राशी वेळोवेळी जुळवून घ्यावे लागते, मग घरात ते यंत्रच असलेले बरे. सुई न टोचता साखर सांगणारी घड्याळे आणि अंगठ्या तर घेऊच नयेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट बजावले की अशा एकाही उपकरणाला त्यांनी मान्यता दिलेली नाही. घरोघरी मधुमेह असलेल्या आपल्या समाजात असा खोटा आकडा पाहून कोणी इन्सुलिनचे प्रमाण ठरवले, तर जीव धोक्यात येतो.

एवढे कळले की निवड अवघड राहत नाही. चालणे आणि झोपेच्या वेळा पाहायच्या असतील तर दोन-तीन हजारांचा साधा बँड पुरतो, आणि त्याचे चार्जिंगही आठवडाभर टिकते. रोज रात्री चार्जिंगला लावावे लागणारे घड्याळ झोप मोजणार कधी? रात्री मनगटावर काही सहन न होणाऱ्यांना अंगठी सोयीची, मात्र उन्हाळ्यात बोटे सुजतात, म्हणून नमुन्याची अंगठी दिवस-रात्र घालून मगच माप ठरवावे. वजन उचलताना ती काढून ठेवावी लागते. धावपटूंना आणि सह्याद्रीत भटकणाऱ्यांना स्वतंत्र जीपीएस असलेले घड्याळ हवे, तरी खोल घळीत आणि उंच कड्यांखाली अंतर चुकणारच. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी पडल्यावर नातेवाइकांना कळवणारी सोय पावलांपेक्षा मोलाची आहे. ती चालायला फोन जवळ लागतो की घड्याळात वेगळे सिम, हे दुकानातच विचारावे. ॲपल वॉच आयफोनशिवाय चालत नाही आणि काही उपकरणांची माहिती मासिक वर्गणी भरल्याखेरीज नीट उघडत नाही, त्यामुळे किमतीत वर्षभराची वर्गणी धरावी.

या नोंदी कंपनीच्या संगणकावर साठतात, हेही लक्षात घ्यावे लागते. स्ट्राव्हा या ॲपने प्रसिद्ध केलेल्या जगाच्या नकाशात वापरकर्त्यांच्या धावण्याचे मार्ग उजळून दिसत होते, आणि जानेवारी २०१८ मध्ये त्यावरून लष्करी तळांच्या जागा उघड झाल्या. सामान्य माणसाच्या बाबतीत त्याच नोंदींतून घर, फिरायला निघण्याची वेळ आणि एकटेपणा कळतो. म्हणून खाते उघडतानाच घराभोवतीचा टापू लपवण्याची सोय सुरू करावी, फेऱ्या सर्वांना दिसतील अशा ठेवू नयेत, आणि जुने घड्याळ विकताना किंवा घरात दुसऱ्याला देताना ते आधी स्वतःच्या खात्यातून काढून, पूर्ण पुसून मगच द्यावे.