उपग्रहाचा ठिपका आणि आपले वावर

गावातला एखादा पोरगा म्हणाला, की मी संगणकावर धूसर चित्र स्पष्ट करण्यात पीएच.डी. करतो, तर पारावरची मंडळी विचारतील, "काहून बा, त्यानं कपाशीले भाव भेटते काय?" प्रश्न चूक नाही. पण या शिक्षणाचा आपल्या वावराशी आता थेट संबंध आला आहे, तो शेतकऱ्यांनी आणि गावच्या कर्मचाऱ्यांनी समजून घेतला पाहिजे.

प्रधानमंत्री पीक विमा योजनेत उत्पन्नाचा अंदाज काढताना उपग्रहाच्या मदतीने चालणाऱ्या पद्धतीला किमान ३० टक्के वजन देण्याची सुरुवात केंद्राने २०२३ मध्ये धान आणि गव्हापासून केली. २०२४ च्या खरिपात सोयाबीनही त्यात आले. म्हणजे तलाठी, कृषी सहायक यांच्याबरोबर आकाशातला कॅमेराही आपल्या पिकाचा साक्षीदार झाला. मग या साक्षीदाराला किती बारीक दिसते, हे विचारायलाच हवे.

उपग्रहाचे चित्र ठिपक्यांचे बनलेले असते. एका ठिपक्यात जेवढी जमीन येते, तिचा सगळा मिळून एकच रंग दिसतो. १९८८ साली भारताने आयआरएस-१ए हा उपग्रह सोडला, त्याच्या एका कॅमेऱ्याचा ठिपका साडेबहात्तर मीटरचा होता. म्हणजे जवळपास ५२ गुंठे, एकराहून जास्त. १९९५ च्या आयआरएस-१सी च्या रंगीत चित्रात तो साडेतेवीस मीटरवर, म्हणजे साडेपाच गुंठ्यांवर आला. २०१५ पासून युरोपच्या सेंटिनल-२ ची चित्रे सर्वांना फुकट मिळतात, त्यांचा बारीकातला बारीक ठिपका दहा मीटरचा, म्हणजे जवळपास एक गुंठा. प्रगती मोठी आहे. पण एका गुंठ्यात पऱ्हाटीची आठ-दहा तासे बसतात. मध्ये तुरीचे तास असेल, कडेला धुऱ्यावरचे गवत असेल, तर सारे एकाच रंगात कालवले जाते. धुऱ्यावरचे गवत हिरवे आणि पीक वाळलेले, तर ठिपका काय सांगेल?

इथेच ते पीएच.डी.चे काम येते. नवा कॅमेरा न सोडता, आहे त्याच चित्रातून हिशेबाने जास्त बारकावा काढायचा, असे हे शास्त्र आहे. मुंबईच्या आय.आय.टी.त प्रा. सुभाशिष चौधरी यांनी या विषयावर अनेक वर्षे काम केले. तिथूनच पीएच.डी. केलेले मंजुनाथ जोशी आणि त्यांनी मिळून २००५ मध्ये त्यावर इंग्रजीत ग्रंथही लिहिला. यातली एक रीत आपल्याला ओळखीची वाटेल. धुऱ्याच्या वादात चार साक्षीदार चार बाजूंनी पाहिलेले सांगतात. एकेकाचे अर्धवट असते, पण चौघांचे जुळवले की गोष्ट उलगडते. तसेच थोडी सरकलेली चार धूसर चित्रे जुळवून एक स्पष्ट चित्र करता येते. दुसरी रीत अशी, की संगणकाला आधी पुष्कळ स्पष्ट चित्रे दाखवायची आणि त्या अनुभवावरून धूसर चित्रातला बारकावा भरायला लावायचा.

या दुसऱ्या रीतीत मात्र सावध राहिले पाहिजे. तिथे चित्रातला काही भाग पाहिलेला असतो आणि काही भाग अनुमानाचा. पंजाबची मोठी गव्हाची वावरे पाहून शिकलेला संगणक आपल्या दोन एकरांतली कपाशी-तूर कशी ओळखणार? चित्र देखणे होईल, पण खरेच असेल असे नाही. देखण्या चित्रावर मात्र साहेब लोकांचा विश्वास लवकर बसतो.

म्हणून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. एक, उपग्रहाच्या चित्रावरून गावाचे उत्पन्न ठरत असेल, तर ते चित्र ग्रामपंचायतीत लावावे. त्यावर तारीख, ठिपक्याचा आकार आणि कोणता भाग पाहिलेला, कोणता अनुमानाचा, हे मराठीत लिहावे. वाद झाल्यास वावरात जाऊन केलेली पाहणीच मोठी मानावी. दोन, बडनेऱ्यात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, अमरावतीला विद्यापीठ आहे, अकोल्याला १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे, नागपूरला राज्याचे सुदूर संवेदन केंद्र आहे. इथल्या पोरांनी पीएच.डी.साठी आपल्याच काळ्या जमिनीतली कपाशी, तूर, सोयाबीन घ्यावी. वऱ्हाडाचे वावर संगणकाला वऱ्हाडातलाच माणूस शिकवील. तीन, आपणही २०२१ पासून सुरू झालेली ई-पीक पाहणी टाळू नये किंवा घरी बसून उरकू नये. संगणक शिकतो तो अशाच नोंदींवरून. आपण कपाशीच्या जागी सोयाबीन लिहिले, तर तोही तेच शिकेल, आणि उद्या नुकसान आपलेच होईल.

भाऊसाहेब पंजाबराव देशमुखांनी विलायतेत डॉक्टरेट मिळवली आणि परत येऊन आयुष्य शेतकऱ्यांसाठी वेचले. मोठे शिक्षण वावरापर्यंत आणण्याची रीत या जिल्ह्याला नवी नाही. चित्र स्पष्ट करणाऱ्या पोरांनीही एकदा धुऱ्यावर येऊन आपले चित्र पडताळून पाहावे, आणि शेतकऱ्याने त्यांना आपले वावर दाखवावे.