कलमाचा काप आणि स्वस्त चाकू

थोड्याच दिवसांत कोकणातल्या रोपवाटिकांत आंब्याच्या कोयी वाफ्यांत पडतील. दोन आठवड्यांत तांबूस, लुसलुशीत पानांची रोपे वर येतील आणि मग ऑगस्ट सरेपर्यंत कोय कलमांशिवाय कोणाला दुसरे काही सुचणार नाही. घाटावर ऑगस्ट-सप्टेंबरात डॉगरिजच्या खुंटांवर द्राक्षाची पाचर कलमे भरली जातील. शेंदुरजनाघाट-वरुडकडे संत्र्याचे डोळे बांधण्याचे काम त्यानंतर. या सगळ्या हंगामाच्या तयारीत आपण शेडनेट बदलतो, पिशव्या मोजून मागवतो, माती-शेणखताचे मिश्रण चाळून ठेवतो. चाकू मात्र आयत्या वेळी, बाजाराच्या दिवशी, हाताला लागेल तो घेतला जातो.

म्हणून या अंकात चाकूबद्दल लिहितो आहे. वाचकांच्या भेटीत हमखास निघणारा प्रश्न असतो, महागातला परदेशी चाकू घेतल्याशिवाय कलमे चांगली साधत नाहीत का? माझे उत्तर स्पष्ट आहे: साधतात. स्वस्त, साधा, जुन्या घडणीचा घडीचा चाकू आपल्या बहुतेक कामाला पुरतो. मात्र स्वस्त कशामुळे आहे, हे पाहून घेतला पाहिजे.

आधी काप जवळून पाहू. कलमकाडीच्या टोकाला आपण दोन्ही बाजूंनी तासून चार-पाच सेंटिमीटरची पाचर करतो आणि खुंटाला तेवढीच उभी चीर देतो. दोन्हींच्या सालीखालचा कॅम्बियमचा पातळ थर एकमेकांना भिडला, तरच जोड धरतो. धारदार पात्याने एका ओढीत घेतलेला काप काचेसारखा सपाट आणि ओलसर चमकदार दिसतो. बोथट पाते पेशी कापत नाही, चिरडते. मग आपण दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तासतो, पाचरीला मध्येच फुगवटा येतो, वरून पट्टी कितीही घट्ट बांधली तरी आत पोकळी राहते, तिथे पाणी साचते आणि बुरशीला घर मिळते. पंधरा दिवसांनी काडी काळी पडली की आपण हवेला किंवा काडीला दोष देतो. मेलेले कलम उकलून कापाकडे बघण्याची सवय फार थोड्यांना आहे. ती प्रत्येकाने लावून घ्यावी.

आपल्याकडे पुष्कळ जण दाढीच्या ब्लेडचा अर्धा तुकडा किंवा कटरचे पाते वापरतात. कोय कलमाच्या कोवळ्या दांड्यावर ते चालते, हे मान्य केलेच पाहिजे. धार तिखट असते आणि बोथट झाले की टाकून देता येते. पण द्राक्षाच्या पक्व काडीवर किंवा खिरणीच्या खुंटावर चिकूचे भेटकलम करताना तेच ब्लेड लवते आणि काप वाकडा जातो. शिवाय टाकलेले तुकडे वाफ्यात राहतात आणि पुढे खुरपणीला बसलेल्या बाईच्या बोटात घुसतात. रोपवाटिकेत हे घडताना आपण सर्वांनी पाहिले आहे.

स्वस्त पण नामी चाकू कसा असतो, याचे सर्वांत चांगले उदाहरण फ्रान्समधले आहे. आल्प्सच्या कुशीतल्या साव्हुआ प्रांतात अवजारे घडवणाऱ्याच्या जोसेफ ओपिनेल नावाच्या मुलाने १८९० मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, एक घडीचा चाकू बनवला. गिऱ्हाईक कोण, तर आसपासचे शेतकरी, गुराखी आणि द्राक्षबागाईतदार. बीच वृक्षाच्या लाकडाची गोल मूठ, तिला एक खाच, एक खिळा आणि एक पाते, एवढाच त्याचा पसारा. १८९७ मध्ये त्याने १ ते १२ अशा क्रमांकांनी मापे ठरवली. १ आणि ११ ही मापे पुढे बंद झाली, बाकीची आजही मिळतात. आठ क्रमांकाचे पाते साडेआठ सेंटिमीटरचे असते आणि तोच सर्वांत जास्त खपतो. १९५५ मध्ये मार्सेल ओपिनेल यांनी मुठीच्या टोकाला फिरणारे धातूचे कडे बसवले. ते फिरवले की उघडलेले पाते अडकून राहते, काम करताना बोटांवर मिटत नाही. २००० मध्ये त्यात सुधारणा झाली आणि मिटलेले पातेही अडकवता येऊ लागले. सव्वाशे वर्षांत चाकूत झालेला मोठा बदल म्हणावा तर एवढाच. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने जगातल्या देखण्या वस्तूंत त्याची गणना केली, पण फ्रान्समध्ये अजूनही तो पाव-चीज कापायला आणि द्राक्षाचे घड उतरवायला खिशात असतो. तिथे त्याची किंमत साधारण दहा ते पंधरा युरो, म्हणजे एका बऱ्या जेवणाएवढी.

एवढ्या कमी किमतीत तो चांगला कसा? कारण पैसा पात्यावर खर्च होतो, शोभेवर नाही. पाते पाठीकडे दीड-पावणेदोन मिलिमीटर जाड, आणि तिथून धारेपर्यंत एकसारखे निमुळते होत जाते. पातळ पाते लाकडात शिरताना फट रुंदावत नाही, म्हणून कापाला जोर कमी लागतो आणि हात थरथरत नाही. आपल्या बाजारात शेकडो रुपयांना मिळणारे, काळ्या रंगाचे, दातेरी पाठीचे, मुठीत शिट्टी आणि होकायंत्र असलेले चाकू पाहा. पाते चार मिलिमीटर जाड, धारेचा उतार आखूड. त्याने खोका फोडता येईल, कलमकाडी तासता येणार नाही.

दुसरी गोष्ट लोखंडाची. ओपिनेलच्या साध्या पोलादात कार्बन सुमारे ०.९ टक्के असतो. आपले लोहार ट्रकच्या जुन्या कमानपट्ट्यांपासून कोयते-विळे घडवतात, त्या पोलादात तो साधारण ०.५ ते ०.६ टक्के असतो. कमानपट्टा चिवट असतो, फांदी तोडताना तुकडा उडत नाही, म्हणून कोयत्याला तो उत्तम. बारीक धार दीर्घकाळ टिकवायला मात्र कार्बन थोडा जास्त आणि पाणी नीट दिलेले हवे. काही कलमकार यंत्राच्या करवतीची जुनी पाती घासून चाकू करून घेतात, हे फार शहाणपणाचे आहे. त्या पोलादाला धार राहते, आणि घासताना तापले तरी ते सहज मऊ पडत नाही. अशा पात्याला चांगल्या लाकडाची मूठ बसवून देणारा कारागीर जवळपास असेल तर परदेशी चाकूच्या नादी लागण्याचे कारण नाही. ओपिनेल तिथे स्वस्त आहे; आयात होऊन आपल्या हातात येईपर्यंत त्याचा स्वस्तपणा बराचसा वाटेत संपतो. त्याच्याकडून शिकायचे ते पाते कसे असावे हे.

आणि कोकणच्या वाचकांना मी तो जसाच्या तसा घ्या असे म्हणणारही नाही. आपली कोय कलमे ऐन पावसाळ्यात होतात. बीचचे लाकूड दमट हवेत फुगते, खाच आवळली जाते आणि पाते बाहेर यायलाच नकार देते. साव्हुआच्या लोकांनाही हा त्रास ठाऊक आहे. ते कडे मोकळे करून मुठीचे मागचे टोक टेबलावर ठकदिशी आपटतात, त्या धक्क्याने पात्याचे टोक वर येते आणि नखात धरून चाकू उघडता येतो. हातात ओल्या काड्या आणि पुढ्यात शेकडो पिशव्या असताना हे दर वेळी करत बसणे जमणारे नाही. खाचेत जवसाचे तेल दोन-तीनदा मुरवले तर फरक पडतो. साधे कार्बन पोलाद खाऱ्या वाऱ्यात एका रात्रीत गंजते, म्हणून किनारपट्टीवर स्टेनलेस पाते घ्यावे. धार टिकण्यात ते जरा मागे असेल, पण गंजलेल्या पात्यापेक्षा केव्हाही बरे. घाटावरच्या कोरड्या हवेत कार्बनचे पाते निर्धास्त वापरावे. आंब्याच्या चिकाने, डाळिंबाच्या सालीने ते काळपट पडते, त्याची चिंता नको. लाल गंज तेवढा दिसता कामा नये; संध्याकाळी पुसून खोबरेल तेलाचे बोट फिरवले की झाले.

लाकूड नको असेल तर जुन्या घडणीत दुसरेही मार्ग आहेत. फ्रान्सच्याच तिएर गावात १९२९ पासून बनणाऱ्या डूक-डूक चाकूची मूठ म्हणजे दुमडलेला पत्रा. जपानमधल्या मिकी शहराचा हिगोनोकामीही दुमडलेल्या पत्र्याचाच, त्याला ना कमान ना कडी. पात्याच्या मागच्या शेपटीवर अंगठा दाबून ठेवायचा, एवढ्यावर ते उघडे राहते. एके काळी जपानी शाळकरी मुले त्याने पेन्सिली तासत. १९६० मध्ये इनेजिरो असानुमा या पुढाऱ्याची भर सभेत तलवारीने हत्या झाली, त्यानंतर मुलांच्या हातून चाकू काढून घेण्याची मोहीमच निघाली आणि या गरीब अवजाराचा धंदा बसला. आपल्याकडे रामपुरीचे नाव बदनाम झाले, त्यामुळे खिशात चाकू असलेला माणूस संशयाने पाहिला जातो. कायद्याची बाजू वाचकांनी जाणून घ्यावी. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या धारदार हत्यारांना परवान्याच्या कक्षेत आणले आहे, आणि त्यातूनही घरगुती व शेतीकामासाठी बनवलेली वगळली आहेत. आपला चाकू यात बसत नाही. तरी शहरात अधूनमधून पोलिसांचे मनाईहुकूम असतात, तेव्हा बाजाराला जाताना तो कलमाच्या पिशवीतच ठेवावा. बटण दाबताच झटकन उघडणारा चाकू तर घेऊच नये. त्याचा आपल्या कामाला काही उपयोग नाही.

जे दिवसाला शेकड्यांनी कलमे भरतात त्यांच्यासाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. सर्वसाधारण खिशातल्या चाकूला दोन्ही बाजूंनी उतार असतो. खास कलमाच्या चाकूला तो एकाच बाजूने असतो, दुसरी बाजू सपाट राहते आणि ती काडीला टेकून पाचर सरळ उतरते. जर्मनीतल्या रॉयटलिंगेनची टीना ही १८५४ पासूनची कंपनी असे चाकू बनवते, ते महाग असतात आणि ज्याची रोजीरोटीच कलमावर आहे त्याला ती किंमत वसूलही होते. स्वस्तात हवे असेल तर साध्या कार्बन पात्याचा एका बाजूचा उतार दगडावर हळूहळू सपाट करून घेता येतो. डावखुऱ्या माणसाने बाजू उलट घ्यावी. बाजारातले बहुतेक चाकू उजव्या हाताचे असतात आणि डावखुरा कलमकार वर्षानुवर्षे उगाच वाकडे काप घेत राहतो.

आता धार. खरे तर या संपादकीयाचे निम्मे कारण तेच आहे. सायकलवर सहाण घेऊन फिरणाऱ्या धारवाल्याकडे कलमाचा चाकू देऊ नका. त्याचा हात वाईट असतो म्हणून नाही. स्वयंपाकघरातली सुरी आणि कात्री तो चांगली करून देतो. पण त्याची सहाण कोरडी फिरते. पोलाद सव्वादोनशे अंशांच्या आसपास तापले की पिवळसर दिसते, तीनशेच्या सुमारास निळे होते, आणि पातळ धारेवर ही निळाई उमटायला एक-दोन क्षण पुरतात. निळे झाले की तिथले पाणी उतरले. मग ती धार दोन दिवसांत वळते आणि आपण म्हणतो चाकूच खराब निघाला.

हार्डवेअरच्या दुकानात एका बाजूने खरखरीत, दुसऱ्या बाजूने बारीक असा कार्बोरंडमचा दगड मिळतो. तो पाण्यात भिजवावा. पाते दगडावर आडवे ठेवून पाठ किंचित, पंधरा अंशांच्या आसपास, उचलावी आणि धार पुढे ठेवून दगडाचा पापुद्रा काढल्यासारखी ढकलावी. काही वेळाने दुसऱ्या बाजूने अंगठा धारेवर आडवा नेला (धारेच्या दिशेने कधीच नाही) तर पोलादाची बारीक कड बोटाला अडकते. ती पात्याच्या पूर्ण लांबीवर जाणवली म्हणजे ती बाजू झाली. मग दुसरी बाजू. मग बारीक दगडावर तेच, दाब कमी करत. शेवटी न्हावी वस्तरा फिरवतो तसे जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर पाते पाठीच्या दिशेने ओढावे, म्हणजे राहिलेली कड गळून पडते. वर्तमानपत्राच्या कडेवर पाते टेकवून ओढले आणि आवाज न करता कागद चिरला, तर चाकू कामाला तयार. रोज सकाळी चामड्यावर फिरवला तर दगड आठवड्यातून एकदा लागेल.

डाळिंबवाल्यांनी तेल्या रोगाचा विसर पडू देऊ नये. रोगट झाडावरून निरोगी झाडावर जाताना पाते निर्जंतुक केलेच पाहिजे. सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण पोलाद खाते, स्टेनलेससुद्धा पूर्ण सुटत नाही, म्हणून नंतर धुऊन कोरडे करावे; रोपवाटिकेत सत्तर टक्क्यांचे अल्कोहोल पात्याला सौम्य पडते.

रोपवाटिकेच्या मालकांना एक आग्रहाची विनंती. चाकू सामाईक ठेवू नका. कलम बांधणाऱ्या प्रत्येक बाईला, प्रत्येक माणसाला स्वतःचा चाकू द्या, मुठीवर नाव कोरून द्या, आणि चार जणांत एक दगड द्या. सामाईक चाकूला कोणी धार लावत नाही, आणि ज्याच्या हाताचा तो नाही त्याचे बोट आधी कापते. घडीचा चाकू देणार असाल तर पाते उघडल्यावर अडकून राहणारा द्या. कलमकाडी आपण अंगठ्याकडे ओढून तासतो, तेव्हा मिटणारे पाते थेट बोटांवर येते. एका मजुराच्या दोन-तीन दिवसांच्या मजुरीत हे सगळे बसते.

जुलैच्या अंकापासून एक पान आपण या कामाला देणार आहोत. आपल्या भागात कलमाचा चाकू घडवून देणारा लोहार किंवा कारागीर असेल तर तो कोणते लोखंड वापरतो, पाणी कसे देतो, चाकूला काय घेतो आणि एका हंगामानंतर त्या पात्याची स्थिती काय आहे, हे लिहून पाठवा. पात्याची जाडी पाठीकडे आणि धारेच्या जरा वर अशी दोन ठिकाणी मोजा, आणि पाठीकडून घेतलेले एक छायाचित्र जोडा.