मेळ्याचे खरे माप

मेळा आटोपला की ‘किती लाख आले?’ हाच प्रश्न सर्वप्रथम विचारला जातो. शासन आकडा सांगते, वृत्तपत्रे तो छापतात, आणि आकडा जितका मोठा तितका मेळा यशस्वी, असे गृहीत धरले जाते. परंतु डोकी मोजल्याने यात्रेकरूने काय सोसले आणि पदरी काय घेऊन तो परतला, हे कळत नाही.

ते कळू शकते. प्रयागच्या संगमावर माघमासात असंख्य भाविक कल्पवास करतात. कडाक्याची थंडी, तंबूतील मुक्काम, भूमिशय्या, पहाटेचे गंगास्नान आणि मिताहार असे हे महिन्याचे व्रत होय. अलाहाबाद विद्यापीठातील व ब्रिटनमधील मानसशास्त्रज्ञांनी ४१६ कल्पवासींना मेळ्यापूर्वी व परतल्यावर महिन्याभराने त्यांच्या प्रकृतीविषयी व मनःस्थितीविषयी प्रश्न विचारले. मेळ्यास न गेलेल्या १२७ जणांनाही तेच विचारले. न गेलेल्यांच्या तुलनेत कल्पवासींचे स्वास्थ्य सुधारले, असा निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘आपण सारे एक’ ही जाणीव व परस्परांचा आधार यांचा त्याच्याशी संबंध पुढील अभ्यासांत दिसून आला. सत्संगाचे माहात्म्य जाणणाऱ्यांना याचे नवल वाटणार नाही.

मात्र भाविक आनंदाने सोसतो, म्हणून व्यवस्थेतील उणिवा क्षम्य ठरत नाहीत. त्याच प्रयागी २९ जानेवारी २०२५ रोजी, मौनी अमावास्येच्या स्नानपर्वात, चेंगराचेंगरी होऊन शासकीय आकड्यानुसार ३० भाविक मृत्युमुखी पडले. नाशिकच्या सिंहस्थात २००३ साली ३९ जणांचा असाच अंत झाला. जो परतलाच नाही, त्याला त्याचा अनुभव कोण विचारणार?

यास्तव ही दोन मापे वेगळी ठेवली पाहिजेत. भाविकाचे समाधान हे त्याच्या भावाचे फळ आहे. त्याचे श्रेय व्यवस्थापकांनी घेऊ नये. रांगेत किती तास गेले, पिण्याचे पाणी मिळाले काय, स्त्रियांना आडोसा होता काय, चुकलेली वृद्ध माणसे किती वेळात भेटली, बाहेर पडण्याची वाट मोकळी होती काय, ही व्यवस्थेची मापे होत. तीर्थावर उभा असलेला भाविक तक्रार करीत नाही. म्हणून हे प्रश्न तो घरी परतल्यावर विचारावेत. आणि ज्या घरचे माणूस परतले नाही, त्या घराचा उंबरठा सर्वांआधी गाठावा.