शेतकऱ्याची एक ओळख : जोडणी करताना कोणी बाहेर राहू नये

वाशी म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर नवी मुंबई उभी राहते. परंतु धाराशिव जिल्ह्यातही वाशी नावाचे तालुक्याचे ठिकाण आहे, आणि त्या जिल्ह्याचे नाव २०२३ सालापर्यंत उस्मानाबाद असे होते. एकाच नावाची दोन गावे असू शकतात आणि एकाच जिल्ह्याचे नाव बदलूही शकते. म्हणूनच पंचायती राज मंत्रालयाच्या निर्देशिकेत प्रत्येक जिल्ह्याला, तालुक्याला व गावाला स्वतंत्र सांकेतांक दिलेला असतो. शासकीय संगणकाला ओळख पटते ती या सांकेतांकावरून. आता हेच तत्त्व शेतकऱ्यालाही लागू करण्यात येत आहे.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २ सप्टेंबर २०२४ रोजी २,८१७ कोटी रुपयांच्या डिजिटल कृषी अभियानास मान्यता दिली. त्यातील ‘ॲग्रिस्टॅक’ या योजनेत शेतकऱ्यांची नोंदवही, गावांचे नकाशे आणि पेरलेल्या पिकांची नोंदवही एकमेकांस जोडण्याचे योजिले आहे. महाराष्ट्रात डिसेंबर २०२४ पासून नोंदणीची मोहीम सुरू झाली व १५ एप्रिल २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक बंधनकारक करण्यात आला.

या एकत्रीकरणाची गरज नाकारता येणार नाही. महसूल खात्याचा सातबारा, आधार, २०१९ साली आलेली पीएम-किसान योजना, २०२१ साली राज्यभर लागू झालेली ई-पीक पाहणी, पीकविमा आणि बँकेचे खाते या प्रत्येकाची नोंदवही निराळी. सातबाऱ्यावर एक नाव, आधारवर दुसरे, बँकेत आडनावाची तिसरीच जोडणी. प्रत्येक वेळी तीच कागदपत्रे घेऊन तेच उंबरठे झिजविण्यात शेतकऱ्याचे किती दिवस गेले असतील!

संगणकाच्या जगाने हा प्रश्न पूर्वीच अनुभवला आहे. मोठ्या संस्थांमध्ये प्रत्येक शाखेची वापरकर्त्यांची निर्देशिका वेगळी असे. मायक्रोसॉफ्टच्या ‘विंडोज २०००’ सोबत आलेल्या ‘ॲक्टिव्ह डिरेक्टरी’मुळे अशा विखुरलेल्या निर्देशिका एका रचनेत आणणे सोपे झाले. तेथेही माणसाचे अधिकार त्याच्या नावाशी नव्हे, तर एका अंतर्गत क्रमांकाशी बांधलेले असतात. विवाहानंतर एखादीचे नाव बदलले तरी तिचे अधिकार अबाधित राहतात. वापरकर्ता जुन्या निर्देशिकेतून नव्या निर्देशिकेत गेला की त्याला नवा क्रमांक मिळतो. मात्र त्याचा जुना क्रमांकही नव्या नोंदीसोबत इतिहास म्हणून जपून ठेवता येतो. त्यामुळे जुन्या कागदांपर्यंत पोहोचण्याचा त्याचा हक्क मध्येच तुटत नाही. सर्व अधिकार नव्या क्रमांकावर आल्याची खात्री पटल्यावरच जुना इतिहास पुसावयाचा, ही तेथील शहाणपणाची रीत आहे.

शेतीच्या नोंदींना ही रीत लावून पाहिली तर अडचण कोठे आहे ते ध्यानात येते. कित्येक सातबाऱ्यांवर आजही ‘एकुमॅ’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा व्यवस्थापक म्हणून, एकट्या थोरल्या भावाचे नाव आहे. धाकटे भाऊ जमीन कसतात, पण नोंदीत दिसत नाहीत. कोठे मृत वडिलांचेच नाव कायम असून वारसांची नोंद व्हावयाची आहे. बटईने शेती करणाऱ्याचे नाव तर मालकीच्या रकान्यात येतच नाही. ज्याच्या आधारला चालू भ्रमणध्वनी जोडलेला नाही, त्याला पडताळणीचा संकेत मिळत नाही. शिवाय मोहीम सुरू झाली तेव्हा ऊसतोडीचा हंगाम चालू होता. बीड-धाराशिव भागातील असंख्य अल्पभूधारक कुटुंबे त्या काळात गावाबाहेर, दूरच्या फडावर असतात. नव्या क्रमांकाचा पाया सातबारा आहे. जो सातबाऱ्यात अदृश्य, तो नव्या रचनेतही अदृश्यच राहणार.

हा केवळ तांत्रिक वाद नाही. सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीने धाराशिव जिल्ह्यात पिकांसह मातीही वाहून नेली. त्या वेळी मदत देताना ॲग्रिस्टॅकमध्ये नोंद असलेल्या शेतकऱ्यांना ई-केवायसीची अट शिथिल करण्यात आली. ज्यांच्यापाशी क्रमांक होता, त्यांची वाट सोपी झाली. पण ज्याचे सोयाबीन त्याच पाण्यात गेले आणि ज्याचे नाव कोणत्याच रकान्यात नाही, त्याचे काय?

म्हणून जोडणी अवश्य व्हावी, पण काही पथ्ये पाळून. क्रमांक नाही एवढ्याच कारणाने जुना लाभ बंद होऊ नये. पडताळणी पूर्ण होईपर्यंत जुनी नोंद ग्राह्य धरावी. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ अन्वये लेखनप्रमादांची दुरुस्ती करण्याचा मार्ग आहे. त्यासाठी व वारस नोंदींसाठी, ऊसतोड कुटुंबे परतल्यावर, गावोगावी शिबिरे भरवावीत. बटईदारासाठी गावपातळीवर पडताळणीची वेगळी सोय व्हावी. आपणही आपला सातबारा व आधार यांतील नावे एकदा ताडून पाहावीत, आणि ज्या शेजाऱ्याला वाचता येत नाही, त्याचीही पाहून द्यावीत.